अमेरिकेत सरकारी शाळा, अलिबागेत मात्र खासगी?

गेल्या दिवाळीत अलिबागेत एका स्नेह्यांच्या घरी मंडळी जमली होती. त्यांत अमेरिकेहून सुटीवर आलेले एक अभियंता होते. वीस वर्षे तिकडे स्थायिक असलेल्या या गृहस्थांनी जिल्हा परिषदेच्या शाळांचा विषय निघताच निकाल देऊन टाकला : "त्या शाळा बंद करा आणि पालकांच्या हाती पैसे द्या. शाळा चालविणे हे सरकारचे कामच नव्हे." उपस्थितांनी माना डोलावल्या. मी एवढेच विचारले, "आपली मुले तिकडे कोणत्या शाळेत जातात?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पब्लिक स्कूलमध्ये. म्हणजे तिकडच्या सरकारी शाळेत. पण ती गोष्ट वेगळी."

ती गोष्ट वेगळी का, याचा विचार आपल्या कार्यकर्त्यांनी करणे आवश्यक आहे. आपल्याकडे अमेरिकेचे नाव दोनच कारणांसाठी घेतले जाते. एक वर्ग तिची आरती ओवाळतो, तर आपण तिचा निषेध करतो. भांडवलशाहीच्या या माहेरघरात दहांपैकी सुमारे नऊ मुले फी न भरता सार्वजनिक शाळेत जातात, ही वस्तुस्थिती मात्र दोघेही नजरेआड करतात. आरती ओवाळणाऱ्यांना ती गैरसोयीची आहे, आणि आपण तिच्यापासून काही शिकलेलो नाही.

पालकाला काय दिसते

माझी कन्या न्यू जर्सी राज्यात राहते. तिच्या मुलीला शाळेत घालण्याच्या वेळी मी तेथे होतो, म्हणून हे प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो. शाळेने मुलीचा जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि त्या हद्दीत राहत असल्याचा पुरावा म्हणून भाडेकरार व विजेचे बिल मागितले. देणगी नाही, पालकांची मुलाखत नाही, चार वर्षांच्या जीवाची परीक्षा नाही. आईबापांचा व्हिसा कोणता, हेही विचारले नाही. ते विचारून प्रवेश नाकारता येत नाही, कारण कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांनाही सार्वजनिक शाळेची दारे बंद करता येणार नाहीत, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला आहे. पुस्तके शाळेची, पिवळी बस शाळेची. गरीब घरच्या मुलांच्या दुपारच्या जेवणाचा कायदा १९४६ चा आहे.

त्याच वसाहतीतील एका मराठी कुटुंबाचा मुलगा स्वमग्न आहे. अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा अमेरिकेत १९७५ मध्ये झाला. त्यानुसार या मुलासाठी शाळेने स्वतंत्र लेखी शिक्षणयोजना तयार केली आहे. वाचा-उपचार करणारी शिक्षिका त्याला शाळेतच भेटते, आणि कुटुंबाला त्यासाठी काही मोजावे लागत नाही. योजना अपुरी वाटली तर आईबाप हरकत घेतात, सुनावणी मागतात. त्या मुलाच्या वडिलांना भारतात परतायचे आहे. आई म्हणते, "परत जाऊन याला कोणत्या शाळेत घालू?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

शाळेचा कारभार पाहणारे मंडळ लोकनियुक्त असते. अंदाजपत्रकावर उघड सभेत चर्चा होते. पगारदार, सुशिक्षित, कायदा जाणणारे पालक तेथे उभे राहून जाब विचारतात. आपली मराठी मंडळीही विचारतात. इकडे असताना ग्रामसभेकडे ज्यांनी ढुंकून पाहिले नसते, ते तिकडे शाळा मंडळाच्या सभेला रात्री उशिरापर्यंत बसतात. त्यांच्यात काही अचानक नागरिकत्वाचे संस्कार उगवले नाहीत. त्यांचे स्वतःचे मूल त्या शाळेत आहे, एवढेच.

हे सारे सोज्वळ आहे, असे मी म्हणणार नाही. माझी नात पहिलीत असताना एके दिवशी घरी येऊन तिने सांगितले की, आज बाईंनी दिवे मालवून सर्वांना कोपऱ्यात गप्प बसविले, 'वाईट माणूस' आला तर काय करायचे ते शिकविले. न्यू जर्सीत असा सराव कायद्याने दरमहा घ्यावा लागतो. बंदुकीच्या व्यापाऱ्यांपुढे हात टेकलेल्या देशाने आपल्या सहा वर्षांच्या मुलांना अंधारात श्वास रोखून बसायला शिकवावे, यापरते लांच्छन कोणते?

फी घराच्या हप्त्यातून

परंतु त्याहून खोल असा दोष त्या व्यवस्थेच्या अर्थकारणात आहे, आणि आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

कन्येने घर घेण्याचे ठरविले तेव्हा दलालाने दाखविलेल्या प्रत्येक घरापुढे खोल्यांच्या संख्येबरोबर शाळेचे गुणही छापलेले होते : दहापैकी नऊ, दहापैकी चार. शाळांच्या हद्दीची रेषा एका रस्त्यावरून जात होती. रस्त्याच्या अलीकडचे घर आणि पलीकडचे तसेच घर यांच्या किमतींत मोठी तफावत होती. तिने अलीकडचे घर घेतले. मला म्हणाली, "बाबा, आम्ही शाळेची फी भरत नाही असे म्हणतो खरे. ती घराच्या हप्त्यातून भरतो."

हे असे का होते? अमेरिकेत शाळांच्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा अल्प, साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. उरलेला भार राज्य आणि स्थानिक संस्था जवळजवळ समान उचलतात. स्थानिक वाटा मुख्यतः मालमत्ता करातून, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीतून येतो. ज्या गावात घरे महाग, त्या गावात घरपट्टी भरपूर आणि शाळा संपन्न. जेथे घरे स्वस्त, तेथे शाळा दरिद्री. शाळा संपन्न म्हणून घरे आणखी महाग होतात, आणि हे चक्र फिरतच राहते. दारावर 'सर्वांसाठी खुली' अशी पाटी असते, पण दारापर्यंत येणारा रस्ता विकत घ्यावा लागतो.

टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ शहराच्या एजवुड या गरीब भागातील पालकांनी याविरुद्ध १९६८ मध्ये दावा लावला. ही वस्ती बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. शेजारच्या धनिक भागापेक्षा ते अधिक दराने कर भरीत होते, तरीही त्यांच्या मुलांच्या वाट्याला कमी पैसा येत होता. मालमत्ताच मुळात कमी, म्हणून दर वाढवूनही तिजोरी भरत नव्हती. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, शिक्षण हा अमेरिकन राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार नाही. १९५४ च्या प्रसिद्ध निकालाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या होत्या. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने शहर आणि उपनगर यांच्या शाळांची हद्द ओलांडून मुले एकत्र आणण्यास नकार दिला. कायद्याने पाडलेली भिंत घराच्या किमतीने पुन्हा उभी राहिली.

मात्र हीच कहाणी न्यू जर्सीत निराळी घडली, आणि तेथे राहणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांना ती बहुधा ठाऊक नाही. तेथील राज्य न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितले की, घरपट्टीवर विसंबलेली ही पद्धत राज्याच्या घटनेत बसत नाही. विधिमंडळाने चालढकल केली. तेव्हा जुलै १९७६ मध्ये न्यायालयाने सार्वजनिक शाळांवर खर्च करण्यासच मनाई केली! शाळांना टाळे लागताच विधिमंडळाला जाग आली आणि अवघ्या काही दिवसांत राज्याचा प्राप्तिकर लागू झाला. पुढे १९८१ मध्ये कॅमडेन, जर्सी सिटी अशा गरीब शहरांतील मुलांच्या वतीने दुसरा खटला उभा राहिला. १९९० मध्ये न्यायालयाने आदेश दिला की, गरीब शहरांतील शाळांना धनिक उपनगरांच्या बरोबरीने पैसा द्या. १९९८ मध्ये या शहरांतील तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी चांगल्या बालवाडीची सक्ती राज्यावर आली. विषमता संपली असे नव्हे. परंतु घरपट्टीचा पैसा गावच्या वेशीवर अडविता येतो हे तत्त्व मोडले, आणि ते मोडले ते दशकानुदशके चिवटपणे लढलेल्या पालकांमुळे व वकिलांमुळे.

तेव्हा अमेरिकेपासून घ्यायचे धडे दोन. सर्व वर्गांची मुले जेथे असतात ती शाळा टिकते, हा पहिला. शाळेचा पैसा वस्तीच्या श्रीमंतीला बांधला की तीच शाळा वर्गभेदाचे यंत्र बनते, हा दुसरा. आपले सुटीवर आलेले स्नेही पहिल्या धड्याचा लाभ तिकडे घेतात आणि इकडे त्याच्याविरुद्ध व्याख्यान देतात.

पैसे पालकांच्या हाती?

'पालकांच्या हाती पैसे द्या' ही सूचनाही त्यांची स्वतःची नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये ती मांडली. मिलवॉकी शहरात १९९० पासून गरिबांच्या नावाने तिचा प्रयोग सुरू झाला. २०२२ मध्ये अॅरिझोना राज्याने ती श्रीमंतांसकट सर्वांना खुली केली, म्हणजे जे आधीच खासगी शाळेची फी भरत होते त्यांनाही सार्वजनिक तिजोरीतून रक्कम मिळू लागली. मार्च २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी १९७९ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय शिक्षण खातेच गुंडाळण्याचा आदेश काढला. ज्या सार्वजनिक शाळेने आपल्या मंडळींची मुले घडविली, तीही आज वेढ्यात सापडली आहे.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये या सूचनेचे मर्म उघड केले. कोणतीही संस्था खालावू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. शाळेच्या बाबतीत सर्वांत आधी निघून जातात ते गुणवत्तेविषयी सर्वाधिक जागरूक पालक, म्हणजेच ज्यांच्या आवाजाने शाळा सुधारली असती तेच. मागे उरतात ते मोलमजुरी करणारे. त्यांना वेळ नाही, दाद नाही. शाळा आणखी खालावते, आणि मग निघून गेलेलेच म्हणतात, "पाहा, आम्ही सांगत नव्हतो?"

घरची स्थिती

आता आपल्या रायगडकडे वळू. मांडव्याला रो-रो बोट २०२० पासून येते, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. आवास, किहीम, झिराड या पट्ट्यात मुंबईच्या धनिकांचे बंगले उभे आहेत आणि जमिनीचा भाव सामान्य शेतकऱ्याच्या कल्पनेपलीकडे गेला आहे. उद्या कोणी 'स्थानिक शाळा स्थानिक पैशातून' अशी अमेरिकन घोषणा येथे आणली, तर मांडव्याची शाळा संगमरवरी होईल, आणि सुधागड-कर्जतच्या डोंगरातील कातकरी वाडीच्या शाळेत खडूलाही पैसा उरणार नाही. त्या वाडीतील अर्धी घरे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. त्यांची घरपट्टी ती किती असणार?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १८६० च्या दशकात इंग्रज सरकारने शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा उपकर बसविला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी राखला. कुणब्याकडून वसूल झालेल्या पैशावर वरच्या वर्गांची मुले शिकतात आणि कुणब्याचे मूल शाळेबाहेरच राहते, हे महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे रोखठोक मांडले. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मूल न पाठविणाऱ्या पालकाला दंड ठेवला. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने सर्वांसाठी समान, परिसरातील शाळा हे सूत्र दिले आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के हिस्सा शिक्षणावर खर्चण्याची शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्याच कोल्हापूर जिल्ह्याचे. सहा टक्क्यांचा तो आकडा २०२० च्या शैक्षणिक धोरणातही पुन्हा छापला आहे. गाठला मात्र कधीच गेला नाही.

उलट दिशेची वाटचाल कशी झाली, तेही पाहा. १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले गेले. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव शासनाने मागविले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक. त्याच महिन्यात शाळा धनिकांना 'दत्तक' देण्याची योजना निघाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिक्षणहक्क कायद्यातील खासगी शाळांच्या पंचवीस टक्के राखीव जागांना, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास, सूट देण्यात आली. ती मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली, हे सुदैव. एकीकडे सरकारी शाळा जवळ आहे म्हणून गरिबाच्या मुलाला खासगी शाळेतून बाहेर ठेवायचे, आणि दुसरीकडे पट कमी म्हणून तीच जवळची शाळा मोडायची. या दोन हातांत विसंगती नाही. दोन्ही हात एकाच मानेभोवती आहेत.

डोंगरातील वाडीवर पट वीसच्या खाली राहणारच, कारण वाडीत घरेच तेवढी. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की समूह शाळेचा रस्ता बंद होतो आणि आधी मुलींची शाळा सुटते. शिक्षणहक्क कायद्यातील एक किलोमीटरचे अंतर कोणा भावनाप्रधान माणसाने लिहिलेले नाही. लहान मुलाच्या पायांचा हिशेब करून ते लिहिले आहे.

आपला हिशेब

"पण जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवीत नाहीत," हा आक्षेप खोटा म्हणून झटकून चालणार नाही. पाच वर्गांना दोन शिक्षक, त्यांतील एक मतदारयाद्यांच्या कामावर, ही सबब खरी आहे. परंतु बदल्यांसाठी मंत्रालयापर्यंत धावणाऱ्या आपल्या संघटना वर्गातील वाचन-गणितासाठी किती वेळा रस्त्यावर आल्या, हाही प्रश्न खरा आहे. आपल्यांपैकी कितीजण शाळा व्यवस्थापन समितीत बसतात? समाजवादाचे नाव घेणाऱ्या किती पुढाऱ्यांच्या स्वतःच्या विनाअनुदानित संस्था आहेत? कितीजणांची मुले इंग्रजी माध्यमात आहेत?

माझे उत्तर प्रथम देतो. माझी कन्या दुसरीपर्यंत येथील सरकारी मराठी शाळेत होती. तिसरीला मी तिला तेथून काढून खासगी शाळेत घातले. वर्गात मी कोठारी आयोग शिकवीत होतो आणि घरी शुल्काची पावती जपून ठेवीत होतो. "एका मुलीने काय फरक पडतो?" असे मी स्वतःला समजाविले. त्या वर्षी गावातील आणखी काही नोकरदारांनी स्वतःला तेच समजाविले असणार. आम्ही आमच्या मुली काढल्या आणि त्यांच्याबरोबर त्या शाळेचा आवाजही नेला. आज तीच मुलगी समुद्रापार सरकारी शाळेच्या सभेत हात वर करून प्रश्न विचारते, याचा आनंद मानावा की खंत, ते मला उमगत नाही.

येथून जवळच चरी गाव आहे. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी न कसता तेथील कुळांनी संप चालविला. नारायण नागू पाटील त्याचे नेते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्याकडे लोकशाही आणि शिक्षण यांचे नाते समजून घेतलेल्या बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. चरीची माणसे करवंदे विकून, लाकूडफाटा विकून जगली. असा संप टिकतो तो कोणी खोताशी आपापली वेगळी तडजोड न केल्याने. आपल्या मुलापुरती फी भरून मोकळा होणारा पालक ही वेगळी तडजोडच करीत असतो. तो वाईट माणूस नसतो, धास्तावलेला असतो. पण संप त्याच्यामुळेच फुटतो.

काय करावे

म्हणून चार गोष्टी ठामपणे मांडू या. एक, पटाच्या आकड्यावरून एकही शाळा बंद होता कामा नये. दोन, शाळेचा पैसा वस्तीच्या ऐपतीप्रमाणे नव्हे, गरजेप्रमाणे मिळाला पाहिजे. किनाऱ्यावरील बंगल्यांच्या खरेदी-विक्रीतून तिजोरीत येणाऱ्या मुद्रांक शुल्काचा निश्चित हिस्सा जिल्ह्यातील आदिवासी वाड्यांच्या शाळांसाठी राखून ठेवण्याची मागणी आपण करू. तीन, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी तालुक्यात फिरते, प्रशिक्षित शिक्षक पूर्ण वेतनावर नेमले जावेत. न्यू जर्सीतील त्या आईचा प्रश्न वाडीतील आईचाही आहे, फक्त तिला तो विचारायला कोणी जात नाही.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. सरकारी तिजोरीतून वेतन घेणाऱ्यांची आणि लोकप्रतिनिधींची मुले सरकारी प्राथमिक शाळेतच गेली पाहिजेत, असा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये उत्तर प्रदेश सरकारला दिला होता. तो कागदावर राहिला. आपल्या पक्षाने तो स्वतःला लागू करावा, त्यासाठी कोणत्याही न्यायालयाची गरज नाही. नव्या शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी तालुका समितीच्या बैठकीत प्रत्येक पदाधिकाऱ्याने उभे राहून आपले मूल किंवा नातवंड कोणत्या शाळेत जाते ते सांगावे, आणि शक्य असेल त्याने ते जून महिन्यात गावच्या शाळेत घालावे. दहा कार्यकर्त्यांची मुले ज्या शाळेत आली, त्या शाळेतील शिक्षकाची जागा रिकामी ठेवण्याची हिंमत शिक्षणाधिकाऱ्याला होणार नाही.

हे झाल्यावर आपण मोर्चा काढू. त्याआधी काढलेल्या मोर्चाला रस्त्यावरचे लोक एकच प्रश्न विचारतील, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार असेल.